पदवीचा कागद आणि जन्माचा शिक्का : 'डिग्रीची गरज काय?' या प्रश्नाचा आपला इतिहास

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाने मला मोबाईलवर एक व्हिडीओ दाखवला. त्यात एक तरुण उद्योजक सांगत होता की डिग्री म्हणजे नुसता कागद आहे, कंपन्या आता कागद बघत नाहीत, स्किल बघतात. खाली हजारो लाईक. मुलगा म्हणाला, "दादा, मीपण कॉलेज सोडावं म्हणतोय. डिलिव्हरीचं काम मिळतंय, महिन्याला पंधरा-अठरा हजार सुटतील. बी.ए. करून तरी काय होणार?"

त्याला तिथल्या तिथे दोन वाक्यांत उत्तर देणे मला जमले नाही. कारण त्याचा प्रश्न खोटा नव्हता. आपल्याच वस्त्यांमध्ये एम.ए., बी.एड. झालेली माणसे तासिका तत्त्वावर राबत आहेत. नेट-सेट झालेले आहेत, पीएच.डी. झालेले आहेत, आणि तरी घर चालत नाही. शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही. बार्टीच्या फेलोशिपसाठी संशोधक विद्यार्थ्यांना २०२३ मध्ये आझाद मैदानात बसावे लागले. असे सगळे डोळ्यांसमोर असताना 'बाबासाहेबांनी शिका असे सांगितले आहे, म्हणून शिक' एवढे म्हणून भागत नाही. बाबासाहेबांनी ते का सांगितले, आणि पदवीवर एवढा भर का दिला, हे इतिहासात जाऊनच पाहावे लागते.

आणि इतिहासात गेले की पहिली गोष्ट लक्षात येते ती ही : पदवीशिवाय फक्त कौशल्यावर जगणे हा काही नवा विचार नाही. आपल्या पूर्वजांनी शेकडो वर्षे तेच केले. त्यांच्याकडे कौशल्याची कमतरता कधीच नव्हती.

कौशल्य होते, मोल नव्हते

गावगाड्यात चामडे कमावणारा, दोरखंड वळणारा, डफ-हलगी वाजवणारा, वेशीची राखण करणारा, सरकारी सारा तालुक्याला पोचवणारा, शेताच्या बांधाचा वाद झाला तर हद्द सांगणारा माणूस कोण होता? ही सगळी कौशल्येच होती. बांधाच्या वादात महाराचा शब्द ग्राह्य धरला जाई, म्हणजे गावाचा नकाशा त्याच्या डोक्यात होता. आज त्याच कामाला सर्व्हेअर म्हणतात, आणि त्यासाठी डिप्लोमा लागतो.

पण या कौशल्याचा मोबदला काय? बलुते, शिळे अन्न, मेलेल्या जनावराचे मांस आणि वतनाचा तुकडा. हे वतन म्हणजे पदवी न लागणारी, पिढ्यान्‌पिढ्या चालणारी नोकरी. पात्रता एकच, जन्म. आणि त्यातून राजीनामा देण्याची सोय नाही. एकट्याच्या वतनासाठी घरातले सगळे राबायचे, चोवीस तास गावाच्या हाकेला ओ द्यायची. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले ते याच गुलामीविरुद्ध. ही वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले.

'स्किल असेल तर कागद कशाला' असे ज्यांना वाटते त्यांनी याचे उत्तर द्यावे, की एवढे स्किल असून या माणसांचे करिअर का झाले नाही? उत्तर सोपे आहे. कौशल्याची किंमत बाजार ठरवतो असे पुस्तकात लिहिलेले असते. आपल्या देशात ती जात ठरवत होती.

धारवाडचा मुलगा, १८५६

जून १८५६ मध्ये एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. धारवाडच्या सरकारी शाळेत मला प्रवेश नाकारला, तो मिळावा, एवढीच मागणी. सरकारने काय करावे? मुलाची बाजू न्याय्य आहे हे मान्य केले आणि प्रवेश नाकारला. एका मुलासाठी बाकीच्यांनी शाळा सोडली तर शाळेचा उपयोगच राहणार नाही, असा युक्तिवाद झाला. पुढे हे प्रकरण वर गेले, आणि १८५८ साली लंडनहून कंपनी सरकारच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्वांना खुल्या असल्याचे स्पष्ट केले. कागदावर शाळा उघडली. प्रत्यक्षात वर्गाबाहेर बसवणे, पाटीला न शिवणे, पाणी वरून ओतणे हे पुढच्या पन्नास-साठ वर्षांतही चालूच राहिले. खुद्द बाबासाहेबांचे बालपण त्यातच गेले.

धारवाडच्या अर्जानंतर एका वर्षाने, म्हणजे १८५७ साली, मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे पहिले पदवीधर १८६२ मध्ये बाहेर पडले, न्यायमूर्ती रानडे त्यांतलेच. भीमराव रामजी आंबेडकर याच विद्यापीठाचे बी.ए. झाले ते १९१२-१३ साली. मध्ये पन्नास वर्षे गेली. या पन्नास वर्षांत ज्यांच्या घरी पदव्या आल्या त्यांच्या घरी मामलेदारी आली, वकिली आली, संपादकाची खुर्ची आली, शाळा-कॉलेजे आली. आज त्यांच्या चौथ्या-पाचव्या पिढीतला मुलगा 'डिग्रीची काय गरज' म्हणतो तेव्हा त्याच्या मागे ही दीडशे वर्षांची पुंजी उभी असते. त्याची डिग्री आजोबांनी घेऊन ठेवली आहे. आपल्या पोराचे आजोबा कुठे होते, ते त्याने घरी विचारावे.

पलटणीची वाट आणि बंद झालेले दार

कोणी म्हणेल, पदवीशिवाय आपल्या माणसांनी लष्करात नाव कमावलेच की. बरोबर आहे. १ जानेवारी १८१८ ची भीमा कोरेगावची लढाई आपण विसरत नाही. कंपनीच्या फौजेत महार शिपाई होते, सुभेदारापर्यंत चढले होते. आणि फौजेने एक मोठी गोष्ट दिली : शिपायांच्या मुलांना शाळा. सुभेदार रामजी सकपाळ स्वतः लष्करी शाळेत शिक्षक होते. त्या शाळा नसत्या तर भीमरावांच्या घरात पुस्तके आली नसती.

पण १८९२ च्या सुमारास इंग्रज सरकारने 'लढवय्या जमाती'चे खूळ काढले आणि महारांची भरती बंद केली. ज्यांच्या बापजाद्यांची नावे विजयस्तंभावर कोरली होती, त्यांना सांगण्यात आले की तुम्ही लढवय्ये नाही. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्जाचा मसुदा केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये पुन्हा विनंती केली. १९१७ मध्ये महायुद्धाची गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली, आणि गरज संपताच १९२१ मध्ये ती मोडली. काम पडले की बोलवायचे, काम झाले की घरी पाठवायचे. आजच्या ॲपवाल्या कंपन्या आयडी ब्लॉक करतात तेव्हा वेगळे काय करतात?

शिपायाचे शौर्य खरे होते. पण ते शौर्य दाखवायचे कुठे, हे दुसऱ्याच्या हातात होते. दार बंद झाल्यावर त्या शौर्याच्या जोरावर दुसरे दार उघडता येत नव्हते.

पाळवणकर बाळू : देशातला सर्वोत्तम गोलंदाज

या सगळ्यात मला सर्वांत बोलके वाटते ते पाळवणकर बाळू यांचे उदाहरण. आपल्या तरुणांना सचिन पाठ असतो, बाळू माहीत नसतात. जन्म १८७६ चा, चांभार समाजातला. वडील फौजेत. पुण्याच्या जिमखान्यावर मैदानाची निगा राखण्याच्या आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकण्याच्या कामावर बाळूंना महिना चार रुपये मिळत. त्या सरावातूनच डावखुऱ्या फिरकीचा असा हात तयार झाला की पुण्याच्या हिंदू क्लबला त्यांना संघात घेणे भाग पडले. मैदानात त्यांनी फेकलेला चेंडू सगळे हाताळत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ साफ हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला, त्यात तरुण भीमरावांचाही सहभाग होता. आपल्यातला एक माणूस गुणवत्तेने देशात पहिला आला, याचा तो आनंद होता.

मग त्या गुणवत्तेला काय मिळाले? हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना कधीच दिले गेले नाही. वर्षानुवर्षे सामने जिंकून दिले, तरी कर्णधार दुसरा. शेवटी १९२३ मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल कर्णधार झाले, तेही भावांनी जाहीर निषेध केल्यावर आणि बाहेरचे वातावरण बदलल्यावर. पुढे राजकारणात बाळू काँग्रेसकडून १९३७ मध्ये बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले, तो वेगळा विषय. त्यामुळे त्यांच्या गोलंदाजीचे मोल कमी होत नाही.

क्रिकेटचे मैदान ही तर गुणवत्ता मोजण्याची सर्वांत उघड जागा. बळी मोजता येतात. तिथेही निवड करणारे, संघ ठरवणारे, कर्णधार नेमणारे सवर्ण होते, आणि बाळूंचे कौशल्य त्यांच्या मर्जीवर अवलंबून राहिले. बंद खोलीतल्या मुलाखतीत, 'आमच्या कल्चरमध्ये बसतो का' हे पाहणाऱ्या कंपनीत काय होत असेल, याची कल्पना करा.

साचेखात्याचा धोटा

मुंबईच्या गिरण्यांतही हेच. आपल्या लोकांनी गाव सोडून गिरण गाठली ती जात मागे राहील या आशेने. पण विणकामाच्या खात्यात, म्हणजे साचेखात्यात, अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातली कांडी बदलताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा सवर्ण कामगार कसा तोंडाला लावणार? साचेखात्यात मजुरी जास्त होती. आपली माणसे कमी मजुरीच्या खात्यांतच अडकून राहिली. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला आणि अस्पृश्य कामगारांना सर्व खात्यांत काम मिळाले पाहिजे, असा आग्रह धरला.

विणकाम शिकायला पदवी लागत नव्हती. ते कामावर, शेजारी उभे राहून शिकायचे काम. आणि म्हणूनच ते आपल्याला शिकू दिले गेले नाही. जे कौशल्य 'बघून शिकायचे' असते, त्याच्या दारावर बघू देणारा बसलेला असतो. कोणाच्या ओळखीने कामाला लागायचे, कोणाच्या हाताखाली शिकायचे, हे सगळे नात्यागोत्यावर चालते. विद्यापीठाच्या परीक्षेचा निकाल निदान नंबरावर लागतो. विद्यापीठात जात नाही असे मी म्हणत नाही. रोहित वेमुलाचे १७ जानेवारी २०१६ आपण विसरलेलो नाही, डॉ. पायल तडवी यांचे २०१९ विसरलेलो नाही. पण विद्यापीठाला नियम असतो, आरक्षण असते, गुणपत्रिका मागता येते, कोर्टात खेचता येते. ओळखीच्या बाजाराला कोर्टात खेचता येत नाही.

बडोदा ते मुंबई : पदवीने काय दिले, काय नाही

आता बाबासाहेबांकडे येऊ. कारण 'एवढ्या पदव्या असून त्यांनाही बडोद्यात कुठे राहू दिले' असे म्हणणारे आपल्यातच आहेत.

१९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून, लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून बाबासाहेब करारानुसार बडोदा संस्थानच्या नोकरीत आले. कचेरीत शिपाई दुरून फायली टाकत. गावात राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. अमेरिकेत शिकलेला माणूस बागेत बसून रडला. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. पदवी जात पुसत नाही, हे बाबासाहेबांना आपल्यापेक्षा जास्त माहीत होते.

पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. मुंबईला परतल्यावर त्यांनी शेअर बाजारातल्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. आजच्या भाषेत स्टार्ट-अप. ज्ञान होते, अर्थशास्त्रात त्यांच्या तोडीचे देशात मोजके होते. व्यवसाय चालूही लागला. पण चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदवल्याप्रमाणे, सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि तो बंद करावा लागला. गिऱ्हाईकाला नियम नसतो. त्याने का पाठ फिरवली, हे तो कोणाला सांगत नाही.

त्यानंतर १९१८ साली त्यांना सिडनहॅम कॉलेजात राज्य-अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. तिथेही काही सहकाऱ्यांनी पाण्याच्या भांड्याला हात लावण्यावर आक्षेप घेतला. पण आक्षेप घेणाऱ्यांना त्यांना वर्गातून काढता आले नाही. सरकारी कॉलेज होते, जागेसाठी पात्रता ठरलेली होती, आणि ती पात्रता कोलंबियाच्या शिक्क्याने सिद्ध होत होती. त्या पगारातून पैसे साठवून, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. १९२२ मध्ये बॅरिस्टर, १९२३ मध्ये डी.एस्सी.

वकिलीतही सॉलिसिटर लोक जातीमुळे कामे देत नसत. पण सनद हाती होती. न्यायाधीशाला त्यांचे म्हणणे ऐकावेच लागे. १९२६ मध्ये 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर आदी ब्राह्मणेतर पुढाऱ्यांवर झालेल्या खटल्यात त्यांनी बाजू मांडली आणि आरोपी सुटले. महाडच्या चवदार तळ्याचा खटला दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात आपण जिंकलो. तळ्यावर ओंजळीने पाणी प्यायला हजारो माणसे लागली. ते पाणी कायद्याने आपले करायला सनद लागली.

इथे माझा मुख्य मुद्दा येतो. पदवीचे मोल त्यातल्या ज्ञानापुरते नाही. ज्ञान घरी बसून, मोबाईलवरही मिळते. पदवीचे मोल असे की ती गावाचा पाटील देत नाही, गिरणीचा मुकादम देत नाही, क्लबचा सेक्रेटरी देत नाही. आपल्या लायकीचा तो असा पुरावा आहे जो आपल्या शेजाऱ्याच्या आणि मालकाच्या मर्जीबाहेर तयार होतो, आणि एका गावात नाकारला तर दुसऱ्या गावात नेता येतो. बडोद्याने हाकलले तरी कोलंबियाची पदवी बडोद्याला काढून घेता आली नाही. ती घेऊन बाबासाहेब मुंबईला आले. वतन माणसाला गावाशी बांधत होते. पदवी गाव सोडायला मोकळे करते.

'फुल्यांकडे कुठे होती पदवी?'

हा प्रश्न हमखास येतो, आणि तो टाळू नये. महात्मा फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, पदवी घेतली नाही. ते कंत्राटदार होते, व्यापारी होते, शेतकरी होते. अण्णाभाऊ साठे दीड दिवस शाळेत गेले आणि 'फकिरा' लिहून गेले. यावरून पदवीची गरज नाही असे सिद्ध होते का?

फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले. सरकारी तिजोरीतून वरच्या वर्गाला उच्च शिक्षण आणि शेतकऱ्याच्या मुलाला प्राथमिक शाळाही नाही, यावर त्यांनी बोट ठेवले. शेतकऱ्यांच्या पैशावर पदवीधर तयार होतात आणि त्यांचा शेतकऱ्याला उपयोग नाही, ही त्यांची तक्रार होती. शिक्षणावर मूठभरांची मक्तेदारी आहे, असे ते म्हणत होते. 'तुम्ही शिकू नका, हाताचे काम करा' असे त्यांनी कधी म्हटले नाही. उलट 'विद्येविना' काय काय गेले, हे त्यांच्याइतके स्पष्ट कोणी सांगितले?

आणि अण्णाभाऊ? 'फकिरा'ला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, त्यांच्या साहित्याचे परदेशी भाषांत अनुवाद झाले. आणि १९६९ मध्ये हा माणूस गोरेगावच्या वस्तीत गरिबीत गेला. प्रतिभेला पदवी लागत नाही, हे अण्णाभाऊंनी दाखवून दिले. पदवीवाचून प्रतिभेचे पोट भरत नाही, हे त्यांना वागवणाऱ्या समाजाने दाखवून दिले. अण्णाभाऊंचे नाव घेऊन पोरांना कॉलेज सोडायला सांगणाऱ्यांनी त्यांचे शेवटचे दिवसही सांगावेत.

बाबासाहेबांनी नेमके काय मागितले

१९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले. त्यातला विचार आजही वाचण्यासारखा आहे. कायद्यात हक्क लिहून भागत नाही, तो कायदा राबवणाऱ्या मोक्याच्या जागांवर आपली माणसे लागतात, आणि त्या जागा उच्च शिक्षणाशिवाय मिळत नाहीत, असे ते मांडतात. पण ते तिथे थांबत नाहीत. कला आणि कायदा यांच्यापेक्षा विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे शिक्षण आपल्या मुलांना जास्त उपयोगी पडेल, म्हणून त्यासाठी आणि परदेशी शिक्षणासाठी स्वतंत्र शिष्यवृत्त्या द्या, अशी मागणी ते करतात. म्हणजे कुठलीही एक डिग्री घ्या, असे त्यांनी कधीच सांगितले नाही. कुठल्या डिग्रीने कुठले दार उघडते, याचा हिशेब त्यांनी १९४२ मध्येच केला होता.

१९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींना ८.३३ टक्के आरक्षण मिळाले. १९४४ पासून मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. ही दोन्ही कामे जोडीने झाली, कारण आरक्षित जागेला पात्र उमेदवार लागतो, आणि पदवीधराला जागा लागते. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद. सिद्धार्थचे वर्ग सकाळी भरत, कारण बाबासाहेबांना माहीत होते की आपल्या मुलाला दिवसा काम करावे लागते. 'काम की कॉलेज' हा प्रश्न त्यांनी वेळापत्रक बदलून सोडवला. आणि नागसेनवनातून नुसते नोकरदार बाहेर पडले नाहीत. लेखक, कवी, प्राध्यापक, कार्यकर्ते यांची एक अख्खी पिढी तिथून उभी राहिली.

अर्धा दिवस शाळा, अर्धा दिवस बापाचा धंदा

दुसऱ्या बाजूला काय चालले होते? १९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शाळांसाठी योजना आणली : मुलांनी अर्धा वेळ शाळेत बसायचे आणि उरलेल्या वेळात घरचा धंदा शिकायचा. वरून दिसायला कौशल्य शिक्षण. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला 'कुलकल्वी', म्हणजे कुळाच्या धंद्याचे शिक्षण म्हटले आणि रान उठवले. चांभाराच्या मुलाने चप्पल शिवायला शिकायचे, तर पुरोहिताच्या मुलाने काय शिकायचे? १९५४ मध्ये राजाजींना पायउतार व्हावे लागले आणि कामराज यांनी ती योजना मागे घेतली.

ही गोष्ट सत्तर वर्षांपूर्वीच्या तमिळनाडूची म्हणून सोडून देऊ नका. २०२३ मध्ये केंद्राने विश्वकर्मा योजना आणली. अठरा पारंपरिक व्यवसाय, 'गुरु-शिष्य परंपरा', कर्ज आणि अवजारे. कारागिराला मदत मिळाली तर कोणाची हरकत असणार? पण त्याच कारागिराच्या मुलीची इंजिनिअरिंगची शिष्यवृत्ती अडकते तेव्हा सरकारला नेमके कोणते कुटुंब घडवायचे आहे, हे विचारावे लागते. नव्या शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे. तिला 'लवचिकता' म्हणतात. फी भरता आली नाही, घरी आजारपण आले, हॉस्टेल मिळाले नाही, तर त्या दारातून पहिल्यांदा बाहेर कोण पडणार, हे सांगायला ज्योतिषी नको. परत आत येण्याचीही सोय आहे म्हणे. एकदा कमावता झालेला आपला किती मुलगा परत वर्गात आलेला पाहिला आहे?

मग पदवी पुरे आहे का?

नाही. हेही तेवढ्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त आडनावे वेगळी. दलित आडनावाच्या अर्जांना बोलावणे येण्याचे प्रमाण लक्षणीय कमी आले. पदवी तीच, दार वेगळे. त्यामुळे खासगी क्षेत्रातल्या आरक्षणाची आणि सरकारी रिक्त जागा भरण्याची लढाई पदवी घेऊन संपत नाही. तिथून ती सुरू होते.

दुसरे असे की पदवी घेऊन स्वतःपुरते पाहणाऱ्यांबद्दल बाबासाहेबांनी १८ मार्च १९५६ रोजी आग्र्यात जी खंत व्यक्त केली, ती आपल्या सगळ्यांसाठी आहे. शिकलेल्यांनी मला धोका दिला, असे म्हणायची वेळ त्यांच्यावर आली. याच्या उलट उदाहरण म्हणजे मान्यवर कांशीराम. बी.एस्सी. करून पुण्याच्या संरक्षण प्रयोगशाळेत नोकरीला लागलेला हा माणूस. तिथे आंबेडकर जयंती आणि बुद्ध जयंतीची सुट्टी रद्द झाली तेव्हा पहिला आवाज उठवला तो चतुर्थ श्रेणी कर्मचारी दीनाभाना यांनी. त्यांच्याकडे पदवी नव्हती, हिंमत होती. कांशीरामांकडे पदवी होती, कायदा आणि कचेरी कळत होती. दोघे मिळून ती लढाई जिंकले, आणि त्या वाटेनेच पुढे १९७८ मध्ये बामसेफ उभी राहिली. पदवीवाल्याने दीनाभानाला कमी लेखू नये, आणि दीनाभानाच्या मुलाला कोणी पदवीपासून तोडू नये. आपली चळवळ या दोघांच्या हातांनी चालते.

म्हणून तरुण मित्रांनो, हिशेब असा मांडा. आयटीआय असो, डिप्लोमा असो, नर्सिंग असो, तो कमी दर्जाचा नाही. पण तोही मान्यताप्राप्त कागद असू द्या, कोणा क्लासवाल्याचे रंगीत सर्टिफिकेट नको. पदवी निवडताना मित्र काय घेतात ते न पाहता पुढे कुठले दार उघडते ते पाहा. काम करावेच लागत असेल तर करा, पण नाव कॉलेजातून काढू नका. १९८९ पासून आपल्याकडे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, तिथून शिकून स्पर्धा परीक्षा देता येतात. कोडिंग, टायपिंग, इंग्रजी, जे स्किल मिळेल ते घ्या. पदवीच्या जागी मात्र नको, पदवीच्या जोडीला घ्या.

त्या मुलाला मी हेच सांगितले, थोड्या कमी शब्दांत. मग आम्ही दोघांनी बसून त्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज पोर्टलवर उघडला. एका दाखल्याअभावी तो पाच महिने अडकला होता आणि त्याला कोणी सांगितलेही नव्हते. कॉलेज सोडण्याचा त्याचा विचार व्हिडीओने सुरू झाला नव्हता, या अडकलेल्या पैशाने सुरू झाला होता. व्हिडीओने त्याला फक्त एक सन्मानाचे कारण पुरवले. संध्याकाळचे काम तो करणार आहे, परीक्षेचा फॉर्मही भरला आहे. पुढचे पुढे.

तुमच्या वस्तीत असा एक तरी मुलगा, एक तरी मुलगी असेल. 'डिग्रीची काय गरज' असे ती म्हणाली तर भाषण देऊ नका. आधी तिचा अर्ज कुठे अडकला आहे ते विचारा.

जय भीम!